पेरणीच्या वेळी मृग कुठे असतो

पौषातल्या अमावस्येच्या आदल्या रात्री आमच्या परसात दुर्बिणीसमोर बसलेल्या माझ्या मामांनी मला एक प्रश्न विचारला, आणि उत्तर ऐकून झाल्यावर ते जे बोलले ते अजून माझ्या मनातून जात नाही. दुर्बीण मृग नक्षत्राकडे लावलेली होती. आधी मी त्यांना नुसत्या डोळ्यांनी चार कोपऱ्यांवरचे चार तारे आणि मधला तीन ताऱ्यांचा बाण दाखवला. "ह्योच का मिरग?" त्यांनी विचारले. मी हो म्हणाले. ते बराच वेळ वर पाहत राहिले आणि मग म्हणाले, "मग पेरणीच्या टायमाला कुठं असतो ह्यो?" मी सांगितले की जूनच्या ७ किंवा ८ तारखेला सूर्यच या नक्षत्रात येतो, त्यामुळे ते सूर्याबरोबर उगवते, सूर्याबरोबर मावळते आणि त्या दिवसांत कोणालाही दिसत नाही. मामा थोडा वेळ गप्प राहिले. "म्हंजी ज्येच्या नावानं सारा जलम पेरत आलो," ते म्हणाले, "त्यो त्या टायमाला डोस्क्यावरच हुता, पन उजेडात." आणि जरा थांबून, "बरं हाय."

त्या 'बरं हाय'मध्ये समाधान होते की हातचे काही निसटल्याची भावना होती, हे मला कळले नाही. मी विचारलेही नाही. माणसाच्या तोंडून इतके साधे शब्द निघतात तेव्हा त्यांचा खुलासा मागणे बरे दिसत नाही.

मामा माण तालुक्यातले. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते आणि मामी साताऱ्याला आले होते, आणि महिन्यानंतरच्या तपासणीसाठी पुन्हा आले तेव्हा मी त्यांना चार दिवस ठेवून घेतले. डॉक्टरांनी डोळा उत्तम असल्याचे सांगितल्यापासून मामा घरात फिरून सगळ्या वस्तूंचे रंग नव्याने पाहत होते. देवघरातल्या निरांजनाची ज्योत, माझ्या साडीचा काठ, कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या बादलीचा निळा रंग. वयाबरोबर डोळ्यातले भिंग पिवळे पडत जाते आणि निळा रंग अडवते, ते काढून स्वच्छ भिंग बसवले की निळ्या रंगाची जाग परत येते, असे वाचलेले मला ठाऊक होते, पण मामा बादलीजवळ थांबून "ही एवढी निळी हाय?" असे विचारताना पाहणे ही गोष्ट वेगळी होती. त्याच दुपारी मी ठरवले की ढग नसतील तर रात्री दुर्बीण बाहेर काढायची.

आमचे घर करंजे भागात आहे. मागे परस म्हणावा असा एक लांबट तुकडा आहे. त्यात एक शेवगा, एक पारिजातक, धुणे धुण्याचा दगड आणि पाण्याची टाकी. दक्षिणेला अजिंक्यतारा, पश्चिमेला यवतेश्वराचा डोंगर. आकाश जेवढे उरले आहे ते या दोन डोंगरांच्या आणि शेजारच्या तीन मजली इमारतींच्या मध्ये. गेल्या काही वर्षांत रस्त्यावरचे पिवळे दिवे जाऊन पांढरे एलईडी आले, पूर्वेकडे महामार्गाच्या बाजूला आकाशाचा खालचा पट्टा रात्रभर उजळलेला असतो, आणि कारखान्यांच्या हंगामात उसाचे पाचट पेटवल्याचा धूर संध्याकाळी खाली उतरून दरीत साचतो. तरीही अमावस्येच्या सुमारास, वारा असला तर, डोक्यावरचा भाग बऱ्यापैकी काळा होतो. शेजारच्या फाटकावरचा दिवा थेट दुर्बिणीवर पडतो, म्हणून मी कपडे वाळत घालायच्या तारेवर एक जाड घोंगडी अडकवते. मामींनी ती नीट ताणून, दोन्ही टोकांना चिमटे लावून दिले.

दुर्बीण सहा इंची आरशाची आहे, लाकडी डॉब्सोनियन बैठकीवर ठेवलेली. तिला मोटार नाही, संगणक नाही. नळी हाताने ढकलायची आणि तारा हाताने शोधायचा. मला ती तशीच आवडते. अंधार पडायच्या तासभर आधी ती बाहेर ठेवावी लागते, कारण घरातल्या उबेत असलेला आरसा बाहेरच्या थंडीइतका गार होईपर्यंत नळीत हवेचे प्रवाह खेळत राहतात आणि प्रतिमा थरथरते. तो तास मला फार प्रिय आहे. काम काही नसते, पण काम सुरू झालेले असते. त्या संध्याकाळी मामा ओट्यावर बसून नळीच्या तोंडातून आत डोकावत होते, आणि तळाशी असलेल्या आरशात स्वतःचा चेहरा उलटा दिसल्यावर त्यांनी मामींना बोलावून तोही दाखवला. डोळ्याच्या बाहुलीपेक्षा हा आरसा चारशे पटींहून अधिक प्रकाश गोळा करतो, असे मी सांगितले. "मोठी पाटी लावली की पानी जास्त गोळा व्हतंय, तसं," मामा म्हणाले, आणि पुढचे काही समजावून सांगायची गरज उरली नाही.

सगळ्यांत आधी शनी, कारण तो पश्चिमेकडे उतरत होता. दुर्बीण लावून मी मामींना पुढे बोलावले, तर त्या जागच्या हलल्या नाहीत. त्यांची मेष रास. शनी मीनेत आल्यापासून त्यांची साडेसाती सुरू झालेली, आणि दर शनिवारी मारुतीला तेल घालणे त्यांनी चुकवलेले नाही. ज्याची दृष्टी आपल्यावर पडू नये म्हणून एवढे करायचे, त्याच्याकडे आपण होऊन भिंगातून पाहायचे, हे त्यांना पटेना. मी आग्रह केला नाही. मामांनी पाहिले आणि "बारीक हाय, पन मधनं रेघ गेलीया" असे म्हणाले. कडी सध्या जवळपास आडवीच आहेत: २३ मार्च २०२५ रोजी पृथ्वी त्यांच्या प्रतलातून गेली, आणि अजून ती पुरती उघडलेली नाहीत, त्यामुळे चित्रांतल्या रुंद कड्यांऐवजी शनीच्या गोळ्यातून आरपार गेलेली एक सरळ, टोकदार रेघ दिसते. मामा बाजूला झाले, आणि मी नळी सरळ करत असताना मामी केव्हा पुढे आल्या ते मला समजलेच नाही. पदर डोक्यावरून नीट घेऊन, हात जोडून, त्या भिंगापाशी वाकल्या. पहिल्यांदा काही दिसले नाही, मग दिसले. "अगं बाई, केवढासा," त्या हळूच म्हणाल्या. आणि क्षणभराने, "निघाला की गं." मोठ्या भिंगाने पाहत असले की ग्रह दीडदोन मिनिटांत दृष्टिक्षेत्रातून सरकून जातो, तो जात नसतो, आपली जमीन फिरत असते. मी नळी पुन्हा लावली. त्या रात्री मामी शनीकडे परत परत आल्या. त्याचा प्रकाश तिथून निघून आपल्यापर्यंत पोहोचायला सुमारे ८० मिनिटे लागतात हे ऐकून त्यांनी हिशोब केला की आपण भाकरी थापत होतो तेव्हाचा हा शनी आहे. साडेसातीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, मीही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी शनिवार होता आणि तेल नेहमीप्रमाणे गेले. मला त्यात विसंगती वाटली नाही. पाहणे आणि भिणे ही दोन्ही कामे एकच माणूस मनापासून करू शकतो.

साडेआठच्या सुमारास मृग पूर्वेकडून चांगला वर आला. तोवर आमच्या डोळ्यांना अंधाराची सवय झाली होती. अंधारात डोळा पुरता तयार व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि एकदा कोणी मोबाइलचा पडदा समोर धरला की ती सगळी तयारी क्षणात वाया जाते. म्हणून माझ्या विजेरीच्या काचेवर पतंगाचा लाल कागद दुहेरी चिकटवलेला आहे. लाल उजेडाने डोळ्याची ही सवय फारशी मोडत नाही. मी मामांना बाणाच्या वरच्या डाव्या बाजूचा काक्षी आणि खालच्या उजव्या बाजूचा राजन्य असे दोन तारे दाखवले आणि रंग विचारला. माणसे बहुधा दोन्ही पांढरेच सांगतात. मामा म्हणाले, "वरला तांबडा, खालचा निळा." ऑपरेशन झालेल्या डोळ्याने पाहून त्यांनी हे सांगितले, मग तो डोळा हाताने झाकून दुसऱ्याने पाहिले आणि म्हणाले, "ह्येनं निळा न्हाई दिसत." मी कितीही पुस्तके वाचली असती तरी एका माणसाच्या दोन डोळ्यांत दोन वेगळी आकाशे असल्याचे मला असे दिसले नसते. हाच काक्षी २०१९च्या अखेरीस आणि २०२०च्या सुरुवातीला इतका मंदावला होता की नुसत्या डोळ्यांनाही फरक कळत होता. तो आता फुटणार अशी चर्चा तेव्हा जगभर झाली. पुढे निरीक्षणांतून असे दिसले की ताऱ्यानेच बाहेर टाकलेल्या वायूपासून धूळ तयार होऊन ती आड आली होती. त्या हिवाळ्यात मी रोज रात्री ओट्यावर येऊन तो रोहिणीशी ताडून पाहत असे. आकाशातल्या कशाबद्दल तरी काळजी वाटण्याचा तो माझा पहिलाच अनुभव.

मग बाणाच्या खाली लोंबणाऱ्या अंधुक पट्ट्यावर नळी नेली. इथे भिंग लहान शक्तीचे लागते, अठ्ठेचाळीस पटींचे, म्हणजे आजूबाजूचे आकाशही सोबत येते. मामा स्टुलावर बसले. फोकसची घुंडी त्यांनी स्वतः फिरवली. नांगराच्या मुठीने आणि विळ्याने घट्टे पडलेला अंगठा, त्याच्या बाजूला भेगांत कायमची बसलेली काळी रेघ. एवढ्या जाड बोटांनी ती छोटी पितळी घुंडी ते केसभर पुढे नेत, केसभर मागे आणत. माझ्याकडे येणारी शाळकरी मुले ती गर्रकन फिरवतात. मामांनी ती प्रतिमेच्या पलीकडे जाऊ दिली, मग परत आणली, आणि नेमक्या ठिकाणी थांबले. "धुरकट हाय," ते म्हणाले, "आन मधी चार ठिपकं." त्यांना ते चार तारे कोणी न सांगता दिसले. मी त्यांना नजर थोडी बाजूला ठेवून पाहायला सांगितले, कारण मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या पडद्याच्या मध्यापेक्षा कडेला जास्त असतात, आणि तसे पाहताच धुरकट भाग दोन्ही बाजूंना पसरत गेला असावा, कारण मामांचा श्वास रोखल्याचा आवाज मला ऐकू आला.

मृगातला तो तेजोमेघ पाहणे म्हणजे थंडीत आरशावर श्वास सोडला की जी वाफ उमटते, ती न विरता टिकून राहिलेली पाहणे. छायाचित्रांतला गुलाबी आणि जांभळा रंग भिंगातून दिसत नाही; इतक्या कमी उजेडात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी कामच करीत नाहीत, म्हणून दिसतो तो राखाडी, फार तर किंचित हिरवट. ज्यांना चित्राची अपेक्षा असते ते निराश होतात. मामांना चित्र ठाऊक नव्हते, त्यामुळे त्यांना जे दिसले ते सगळेच जास्तीचे होते. त्या वायूत आजही तारे जन्माला येत आहेत आणि ते चार ठिपके तिथलेच कोवळे तारे आहेत, असे मी सांगितले. तिथला प्रकाश निघाला त्याला तेराशेहून अधिक वर्षे झाली. तेव्हा आपल्या या मुलखावर बदामीच्या चालुक्यांचे राज्य होते. मामांनी पुन्हा एकदा भिंगाला डोळा लावला आणि मग, स्टुलावर मागे टेकून, नुसत्या डोळ्यांनी वर पाहत तो प्रश्न विचारला.

माझे सगळे बालपण मामांच्या घरी आकाशाखाली गेले, आणि तरी तिथे मी मृग कधीच पाहिला नाही. हे मला त्या रात्री, त्यांच्या प्रश्नामुळे, पहिल्यांदा लक्षात आले. आम्ही आजोळी जायचो ते उन्हाळ्याच्या सुट्टीत. माणातली जुनी घरे माळवदाची, वर मातीचे सपाट धाबे. मे महिन्यात सगळे घर रात्री वर झोपायला असायचे. दिवसभर तापलेली माती पाठीखाली हळूहळू निवत जाई, कोपऱ्यात पाण्याचा माठ, दूर एखाद्या वस्तीवर भुंकणारे कुत्रे. वृश्चिकाची नांगी दक्षिणेला पूर्ण वर आलेली दिसायची आणि आकाशगंगा पहाटेपर्यंत डोक्यावर सरकत यायची. त्या दिवसांत मृग संध्याकाळी सूर्यामागोमाग पश्चिमेला बुडत असतो. अंधार पडून जेवणे होऊन आम्ही वर जाईपर्यंत तो गेलेला असे. आणि तरी त्या धाब्यावर सगळ्यांत जास्त ज्याचे नाव निघायचे तो मृगच. आजोबा पंचांग उघडून कंदिलाच्या उजेडात त्या वर्षीच्या प्रत्येक पावसाळी नक्षत्राचे वाहन वाचून दाखवायचे. बेडूक, म्हैस किंवा हत्ती निघाला की पाऊस चांगला, म्हणून मामा आणि त्यांचे भाऊ सरसावून बसायचे. कोल्हा किंवा मेंढा निघाला की कोणी काही बोलायचे नाही. १९७२च्या दुष्काळाचे बोलणे आमच्या लहानपणी सतत कानावर यायचे, आणि ते नेहमी नक्षत्रांच्या भाषेत असायचे. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या, हस्ताची वाट पाहिली, तोही गेला.

हस्ताचेही मृगाप्रमाणेच आहे. सप्टेंबरच्या अखेरीस सूर्य हस्तात असतो, आणि ज्याच्या पावसावर माणातला शाळू उभा राहतो ते नक्षत्र त्या पंधरवड्यात सूर्याच्या झगमगाटात गडप झालेले असते.

मी याचा पुढे बरेच दिवस विचार करत राहिले. क्रांतिवृत्ताचे, म्हणजे आकाशातल्या सूर्याच्या वाटेचे, २७ भाग, प्रत्येक १३ अंश २० कलांचा, आणि सूर्य प्रत्येकात तेरा-चौदा दिवस. पण सूर्य असतो त्या भागातले तारे दिसत नाहीत, म्हणजे सूर्य कोणत्या नक्षत्रात आहे हे पाहून सांगणे कधीच शक्य नव्हते. ते काढावेच लागले असणार. सूर्यास्तानंतर पश्चिमेला कोणते तारे उरले, पहाटे पूर्वेला कोणते नव्याने निघाले, पौर्णिमेचा चंद्र कोणापाशी आला, कारण पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो. मार्गशीर्षाच्या पौर्णिमेला तो मृगापाशी येतो तेव्हा सूर्य ज्येष्ठेच्या बाजूला असतो. असे वर्षानुवर्षे पाहून कोणीतरी मधली रिकामी जागा मोजली आणि म्हणाले की आता तो इथे आहे. माझ्या आजोबांना हे गणित येत नव्हते, पण त्या गणितावर त्यांचा पूर्ण भरवसा होता, आणि त्या भरवशावर ते घरातले बियाणे मातीत टाकत होते. दुर्बीण घेतल्यापासून माझा असा समज होत चालला होता की आकाशाशी माझे नाते त्यांच्यापेक्षा जवळचे आहे, कारण मी पाहते आणि ते फक्त नावे घेत. आता मला तसे म्हणवत नाही. मी जे दिसते तेच पाहते. त्यांना न दिसणाऱ्या मृगाची तारीख माहीत होती, आणि त्या तारखेला घरात काय शिल्लक आहे हेही.

याच्या पुढची गोष्ट मी मामांना सांगितली नाही. पृथ्वीचा अक्ष सुमारे २६,००० वर्षांत एक फेरी घेत डुलतो, त्यामुळे सूर्य मृगात शिरण्याची तारीख ऋतूंच्या तुलनेत साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. वराहमिहिराच्या काळी, म्हणजे सहाव्या शतकात, सूर्य मृगात शिरत असे तो आजच्या हिशोबाने मेच्या तिसऱ्या आठवड्यात. तेव्हा पहिला पाऊस मृगाचा नसून आर्द्रांच्या जवळपासचा असणार. आज केरळात मोसमी पाऊस पोहोचण्याची सरासरी तारीख १ जून आणि मुंबईत ११ जून धरली जाते, आणि मृग मध्येच ७-८ जूनला लागतो. ही गाठ आपल्या काही शतकांपुरती पडलेली आहे, आणि ती सुटायला लागलेली आहे. आणखी हजार वर्षांनी जूनच्या २१-२२ तारखेच्या सुमारास मृग लागेल. तेव्हा सह्याद्रीच्या पूर्वेला कोणी पेरत असेल तर ते दुसऱ्याच नक्षत्राच्या नावाने पेरत असेल.

सांगितले नाही, याचे कारण मामा त्यातून वेगळाच अर्थ काढतील अशी मला भीती वाटली. "आता मिरग पडतच न्हाई," हे वाक्य ते गेली कित्येक वर्षे म्हणत आले आहेत. ते खरे असेल, पण त्याचा या सरकण्याशी संबंध नाही. त्यांच्या सबंध आयुष्यात मृग जेमतेम एक दिवस पुढे गेला आहे. आणि माणात मृग पडायचा तरी किती? आमच्या याच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो आणि माणमध्ये पाचशेच्या आतबाहेर. ढग डोंगराशी रिते होतात आणि पलीकडे नुसता वारा येतो. तिथला खरा पाऊस परतीचा. तरीही बाजरीसाठी जीव मृगाकडेच लागलेला असतो. मी जर म्हणाले असते की नक्षत्राचा आणि पावसाचा कार्यकारण संबंध काहीच नाही, ती केवळ एक तारीख आहे, तर ते चूक झाले नसते. पण ज्या माणसाने ती तारीख आयुष्यभर मान वर करून पाळली, त्याला ते माझ्या तोंडून, माझ्या ओट्यावर, माझ्या दुर्बिणीपाशी बसून ऐकावे लागावे, हे माझ्या मनाला मानवेना. त्यांनी विचारले असते तर मी सगळे सांगितले असते. त्यांनी फक्त तो कुठे असतो एवढेच विचारले होते.

मामींनी मात्र त्यावर एक उत्तर दिले, आणि ते मला माझ्या उत्तराइतकेच खरे वाटते. "दिसतो की," त्या म्हणाल्या, "किडा दिसतो." पहिला पाऊस मुरला की बांधावरच्या ओल्या मातीत मखमली, लालभडक, हरभऱ्याच्या दाण्याहून लहान असा जो जीव वर येतो, त्याला आम्ही मृगाचा किडा म्हणतो. त्याला आठ पाय असतात. तो कोळ्याच्या कुळातला. वर्षाचा बहुतेक काळ तो जमिनीत असतो आणि पावसाच्या पहिल्या दोन-चार दिवसांत दिसून पुन्हा जातो. लहानपणी आम्ही तो काडेपेटीत गवताच्या पात्यावर ठेवायचो. मामी पेरणीच्या वेळी पहिला किडा दिसला की पाभरीचा बैल थांबवून त्याला बाजूला काढत. "तेवढा एकच मिरग आमच्या वाट्याचा," त्या म्हणाल्या, आणि मामा हसले.

अकराच्या पुढे थंडी वाढली. नळीवर दव धरायला लागले, मामींनी शाल मामांच्या अंगावर टाकली, पण आत जायचे नाव कोणी काढेना. दक्षिणेला अजिंक्यताऱ्याच्या माथ्यावर, दूरदर्शनच्या मनोऱ्याच्या बऱ्याच वर, अगस्त्य आला होता. साताऱ्याहून तो दक्षिण क्षितिजापासून वीस अंशही वर येत नाही, त्यातले काही अंश किल्ल्यानेच झाकलेले, त्यामुळे त्याला पाहायला रात्रीचे मोजकेच तास मिळतात. मामांना तो ओळखीचा होता. पावसाळा ओसरताना पहाटे गुरांना वैरण टाकायला उठले की दिसतो, असे त्यांनी सांगितले. बारा वाजायला आले तेव्हा ईशान्येला, शेजारच्या गच्चीच्या कठड्यावर, सप्तर्षींचे पहिले चार तारे उभे राहिले. मामी त्यांना बाज म्हणतात. म्हातारीची बाज, आणि ती पळवून नेणारे तीन चोर. मी गोष्ट ऐकलेली होती, पण आमच्या अक्षांशावर चार खुरांची बाज आधी उगवते आणि चोर तिच्या मागून, एकेक करून, कितीतरी वेळाने वर येतात, हे त्या गोष्टीत मुळापासून आहे हे मला ठाऊक नव्हते. "चोर अजून वाटंत हाईत," मामी म्हणाल्या. मधल्या चोराला दुर्बिणीत धरायला मला हवे होते, कारण तो तिथे दोन होतो, पण तो गच्चीच्या वर येईपर्यंत भिंगावर इतके दव साचले की पुसून उपयोग नव्हता. आम्ही नळीवर झाकण घातले.

गावी परत गेल्यावर आठवड्याने मामांचा फोन आला. तब्येत, डोळ्यात घालायचे थेंब, कांद्याचा भाव असे सगळे बोलून झाल्यावर त्यांनी विचारले, की मृग सूर्याच्या उजेडातून परत बाहेर कधी पडतो, आणि तो आमच्या गावातून दिसेल का. मी वही घेऊन बसले. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्योदयाच्या तासदीड तास आधी तो पूर्वेला अगदी खाली निघालेला असेल, पण त्यांच्या गावाच्या पूर्वेला टेकडी आहे आणि तेव्हा आभाळही भरलेले असते. ऑगस्टमध्ये, दिव्यांच्या अमावस्येच्या सुमारास, पहाटे चारला तो टेकडीच्या चांगला वर असेल. माणात त्या दिवसांत ढग असतात पण ते फाटलेले असतात, पाऊस न देता पुढे जाणारे. बाजरी दाण्यात यायला लागलेली असेल, किंवा पेरणीच झालेली नसेल. ते मी मामांना विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. दुर्बीण मी गाडीतून घेऊन जाणार आहे, आरसा आधी काढून वेगळा बांधून. माझा विचार ती माळवदावर मांडायचा होता, पण मामींनी फोनवर मागून सांगितले की पावसाने धाब्याची माती मऊ झालेली असते, एवढे वजन वर नको. खळ्याची जमीन चोपलेली आहे, तिथे मांडायची, आणि शेजारच्या वस्तीवरची पोरे उठवून आणायचे काम त्या करतील.